म्यान आणि पिशवी: बर्फाने राखलेले पाच हजार वर्षांपूर्वीचे शिवणकाम

१/ उत्तर इटलीतील बोल्झानो शहराच्या पुरातत्त्व संग्रहालयात, उणे ६ अंश तापमानाच्या कक्षात, पाच हजार वर्षांपूर्वीचा एक माणूस जतन करून ठेवला आहे. जग त्याला ‘ओट्झी’ या नावाने ओळखते. त्याच्याविषयी लिहिताना लेखणी सहसा त्याच्या तांब्याच्या कुऱ्हाडीकडे वळते. हा थ्रेड मात्र त्याच्याजवळच्या दोन लहान, हाताने शिवलेल्या वस्तूंविषयी आहे: खंजिराचे म्यान आणि कमरेची पिशवी.

२/ १९ सप्टेंबर १९९१. ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेवरील ओट्झटाल आल्प्समध्ये टिझेनयोख नावाच्या खिंडीजवळ, सुमारे ३,२१० मीटर उंचीवर, हेल्मुट आणि एरिका झिमोन या जर्मन दांपत्याला वितळत्या बर्फातून वर आलेले एक मानवी शरीर दिसले. एखादा गिर्यारोहक अपघातात मरण पावला असावा, असाच सर्वांचा समज झाला. बर्फातून देह काढताना हवेच्या दाबावर चालणारे छिन्नीयंत्र वापरले गेले आणि त्याने मृताच्या नितंबाला इजाही झाली.

३/ काही दिवसांनी इन्सब्रुक येथे पुरातत्त्वज्ञ कोनराड स्पिंडलर यांनी त्या देहासोबत आणलेली कुऱ्हाड पाहिली आणि हा माणूस किमान चार हजार वर्षांपूर्वीचा असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात तो त्याहूनही प्राचीन ठरला. कार्बन कालमापनानुसार त्याचा काळ इ.स.पू. ३३५० ते ३१०० च्या दरम्यानचा. इजिप्तमधील गिझाचा महान पिरॅमिड उभा राहण्यास तेव्हा अजून काही शतके अवकाश होता.

४/ या शोधाचे असाधारणत्व मृतदेहाच्या वयापेक्षाही त्याच्या सामानात आहे. एरवी पुरातत्त्वज्ञांना थडगी सापडतात. थडग्यात काय ठेवायचे हे आप्तेष्ट ठरवतात, त्यामुळे तेथील वस्तू निवडक आणि अनेकदा समारंभी असतात. ओट्झीला कोणी पुरले नव्हते. डोंगरातल्या एका प्रवासाच्या दिवशी माणसाच्या अंगावर, कमरेला आणि खांद्याला जे जे होते, ते सारे त्याच्यासोबत गोठून राहिले.

५/ डोंगरात वावरणाऱ्या माणसासमोर एक साधी अडचण नेहमीच असते. पाते हाताशी हवे, पण हात मोकळे हवेत. उघडे पाते कमरेला खोचले तर चालताना मांडीत रुतते. पाते दगडाचे असेल तर भीती दुहेरी, कारण चकमकीचा दगड जितका धारदार तितकाच ठिसूळ. खडकावर नुसता आपटला तरी त्याचे टोक उडते. म्हणजे आवरण शरीराला पात्यापासून वाचवते, आणि पात्यालाही बाहेरच्या जगापासून वाचवते.

६/ ओट्झीचा खंजीर मुठीसकट जेमतेम १३ सेंटिमीटरचा आहे. पाते चकमकीच्या दगडाचे, मूठ ॲश वृक्षाच्या लाकडाची. पाते मुठीत बसवून त्यावर जनावराच्या कंडरेचे तंतू घट्ट गुंडाळलेले आहेत. मुठीच्या मागच्या टोकाला दोरीही आहे. पात्याचे अगदी टोक तुटलेले आहे. या हत्याराकडे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते: दगडाचे पाते हे त्याचे एक अंग झाले. लाकूड, कंडरा आणि दोरी मिळून ते हत्यार पुरे होते.

७/ या खंजिराचे म्यान सुमारे १२ सेंटिमीटर लांब आणि त्रिकोणी आकाराचे आहे. ते कातड्याचे नाही. ते लिंडेन वृक्षाच्या अंतर्सालीच्या वाखाचे आहे. वाखाच्या पट्ट्या एकमेकींत गुंफून चटईसारखा एक तुकडा विणला, तो दुमडला आणि लांब कडेने शिवून घेतला, अशी त्याची रचना. बाजूला कातड्याची एक लहान कडी आहे. तिच्यातून ते कंबरपट्ट्याला अडकवले जात असावे, असे अभ्यासक मानतात.

८/ ‘वाख’ हा शब्द महाराष्ट्रातील शेतकऱ्याला नवा नाही. अंबाडीची ताटे पाण्यात कुजत घालायची, मऊ झाली की साल सोलायची, धुऊन वाळवायची आणि दोर वळायचे, ही रीत येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. लिंडेनच्या सालीचेही तत्त्व तेच. झाडाची साल सोलून कित्येक आठवडे पाण्यात ठेवली की आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि लांब, चिवट, मऊ पट्ट्या हाती येतात.

९/ म्हणजे हातभर सुद्धा नसलेल्या या म्यानामागे एक पूर्ण कालक्रम दडलेला आहे. योग्य झाड ओळखायचे, साल सहज सुटेल असा हंगाम गाठायचा, पाण्यात भिजवून वाट पाहायची, मग पट्ट्या वेगळ्या करून गुंफायच्या. कुशल कारागीर दगडाचे पाते तुलनेने थोड्या वेळात घडवू शकतो. त्या पात्याचे घर मात्र कित्येक आठवड्यांच्या पूर्वतयारीनेच बनते. आज कोणी मोल ठरवायला बसला तर नजर पात्याकडे जाईल. वेळेचा हिशेब मात्र म्यानाच्या बाजूने लागतो.

१०/ आता दुसरी वस्तू. ओट्झीचा कंबरपट्टा वासराच्या कातड्याचा होता. रुंदी चार ते पाच सेंटिमीटर, मूळ लांबी जवळजवळ दोन मीटर. कमरेभोवती दोन वेढे बसतील इतका. या पट्ट्यावर कातड्याचा आणखी एक तुकडा शिवून पिशवी तयार केली होती आणि तिचे तोंड बारीक चामडी वादीने बंद करता येत असे. आजच्या प्रवाशांच्या कमरेला जी चेन असलेली लहान पिशवी दिसते, तिचीच ही पूर्वज.

११/ पिशवीत काय होते? चकमकीच्या दगडाची तीन अवजारे: एक खरवडणी, एक भोक पाडण्याचे टोकदार अवजार आणि एक लहान धारदार पापुद्रा. सोबत ७.१ सेंटिमीटर लांबीची हाडाची आरी. आणि उरलेल्या जागेत काळपट पदार्थाचा एक गोळा. परीक्षणाअंती तो ‘टिंडर’ बुरशीचा, म्हणजे झाडाच्या खोडावर वाढणाऱ्या आणि ठिणगी झेलणाऱ्या बुरशीचा निघाला. त्यात पायराइट या खनिजाचे सूक्ष्म कणही आढळले.

१२/ या कणांचा अर्थ सरळ आहे. चकमकीचा दगड पायराइटवर घासून मारला की ठिणगी पडते आणि पिंजलेल्या बुरशीत ती धुमसत राहते. महाराष्ट्रात आगपेट्या येण्यापूर्वी पोलादी चकमक, गारगोटी आणि कापूस हे त्रिकूट हेच काम करीत असे. दोन्हीकडे अट एकच: ठिणगी झेलणारा पदार्थ कोरडा राहिला पाहिजे. तीन हजार मीटर उंचीवरच्या ओल्या थंडीत घट्ट शिवलेली, तोंड आवळता येणारी पिशवी नसेल, तर आग नाही. आग नसेल तर रात्र निभणे कठीण.

१३/ कातडे कसे शिवले जात असे? त्यासाठी नेढे असलेली सुई आवश्यक नसते. आधी आरीने दोन्ही थरांना आरपार भोक पाडायचे, मग त्यातून दोऱ्याचे ताठ टोक ओवायचे, ओढून घ्यायचे आणि पुढच्या भोकाकडे वळायचे. चपला शिवणारा चर्मकार आजही आधी आरीच चालवतो. ओट्झीच्या कपड्यांवरील मूळ शिवण अशी आहे: दोन कडा जुळवलेल्या आणि दोरा काठावरून पुन्हा पुन्हा वळवत नेलेला.

१४/ या शिवणीचा दोरा जनावराच्या कंडरेचा आहे. स्नायूला हाडाशी जोडणारी ही पांढरी दोरी वाळवून कुटली की तिचे बारीक तंतू सुटे होतात. ओली असताना कंडरा लवचिक असते, वाळताना आकसते. त्यामुळे ओल्या तंतूने घातलेला टाका वाळल्यावर आपसूक आवळला जातो. खंजिराच्या मुठीवरचा वेढा आणि कपड्यांची शिवण यांमागे पदार्थाचे हे एकच ज्ञान आहे.

१५/ पिशवीतील हाडाच्या आरीचे महत्त्व येथे कळते. ती कातड्याच्या कामासाठी असावी, असे मानले जाते. म्हणजे जिच्यामुळे अशी पिशवी शिवता येते ती वस्तू त्याच पिशवीत होती. बाणांच्या भात्यातही कंडरांची जुडी आणि वाखाची दोरी सापडली. वाटेत शिवण उसवली, वादी तुटली, तर दुरुस्तीसाठी गावापर्यंत उतरण्याची गरज नव्हती. सुईदोरा सोबत घेऊन निघालेला हा प्रवासी होता.

१६/ दुरुस्ती प्रत्यक्ष झालीही होती. त्याच्या कपड्यांवर दोन प्रकारची शिवण दिसते. एक कंडरेची, सारख्या अंतराची, सरावलेल्या हाताची. दुसरी गवताच्या धाग्यांनी घाईने घातलेली, ओबडधोबड. पहिली शिवण जाणत्या कारागिराची आणि दुसरी वाटेत, मिळेल त्या साधनाने केलेली डागडुजी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. राजेरजवाड्यांच्या शिलालेखांतून सहसा न सापडणारी गोष्ट या गवताच्या टाक्यांत आहे: एका सामान्य दिवशीची अडचण आणि तिच्यावर काढलेला तोडगा.

१७/ शिवणकाम कातड्यापुरतेच नव्हते. ओट्झीजवळ भूर्जवृक्षाच्या सालीचे दोन डबे होते. भारतात भूर्ज म्हटले की हिमालयातील भूर्जपत्रावरची हस्तलिखिते आठवतात. आल्प्समध्ये त्याच कुळातील झाडाची साल वाकवून, कडा वाखाने शिवून नळकांड्यासारखी भांडी केली जात. एका डब्यात मेपलची पाने आणि कोळशाचे कण सापडले. धगधगता निखारा ओल्या पानांत गुंडाळून त्यातून नेला जात असावा. पिशवीतील चकमक ही दुसरी व्यवस्था. पहिली विझली तर हाताशी असावी म्हणून.

१८/ कोणत्या वस्तूसाठी कोणते कातडे, हेही सहज ठरलेले नव्हते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासातून दिसले की, त्याचा अंगरखा शेळी-मेंढीच्या अनेक कातड्यांचा, पायांवरचे आवरण शेळीच्या कातड्याचे, टोपी तपकिरी अस्वलाची आणि भाता रो हरणाच्या कातड्याचा होता. बुटाची वादी गाईगुरांच्या कातड्याची निघाली. पाळीव आणि वन्य अशा दोन्ही प्राण्यांची कातडी एकाच माणसाच्या अंगावर, प्रत्येक ठरावीक जागी.

१९/ २०१८ साली उर्सुला वीरर आणि सहकाऱ्यांनी त्याच्या दगडी अवजारांचा सूक्ष्मदर्शकाखाली केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दगड दक्षिणेकडील त्रेंतिनो भागातील निरनिराळ्या ठिकाणांचा होता. अवजारे पुन्हा पुन्हा धार लावून वापरलेली, झिजून लहान झालेली होती. नवा दगड मिळून त्याला बराच काळ लोटला असावा, असा निष्कर्ष निघाला. धार लावण्यासाठीचे अवजारही त्याच्याजवळ होते: लिंडेनच्या फांदीत हरणाच्या शिंगाचा खुंटा बसवलेले.

२०/ या निष्कर्षाशेजारी बाकीचा पुरावा ठेवला की चित्र गंभीर होते. त्याचे धनुष्य अपुरे होते. भात्यातील दोनच बाण पुरे झालेले, आणि तेही मोडलेले. बारा काड्या नुसत्याच तासलेल्या. उजव्या हाताच्या अंगठ्याजवळ खोल जखम, मृत्यूच्या काही दिवस आधीची. २००१ साली क्ष-किरण तपासणीत डाव्या खांद्यात रुतलेले बाणाचे अग्र दिसले. लांबून मारा करण्यास त्याच्याजवळ काहीच सज्ज नव्हते. कुऱ्हाड, झिजलेल्या पात्याचा खंजीर आणि कमरेची पिशवी एवढ्यावरच त्याची मदार होती.

२१/ आता एक मोठा प्रश्न. हे म्यान आणि ही पिशवी इतकी दुर्मीळ का? त्या काळी म्याने आणि पिशव्या दुर्मीळ होत्या म्हणून निश्चितच नव्हे. प्रत्येक पात्याला ठेवायला जागा लागतच असे. पण कातडे, साल, वाख, कंडरा, गवत हे सारे मातीत कुजते. दगड आणि धातू उरतात. डेन्मार्कच्या क्रिस्तियान थॉमसेन यांनी १८३६ साली छापलेल्या पुस्तकातून जी विभागणी रूढ झाली, ती पाषाण, कांस्य आणि लोह अशी. इतिहासाच्या युगांना नावे मिळाली ती टिकलेल्या पदार्थांची.

२२/ या नामकरणाचा परिणाम कल्पनेवर होतो. ‘अश्मयुगीन माणूस’ म्हटले की हातात दगड धरलेली आकृती डोळ्यांपुढे येते. ओट्झीच्या सामानाची यादी पाहिली तर दगड आणि तांबे यांचा वाटा अल्प भरतो. बहुतेक वस्तू कातडे, लाकूड, साल आणि दोरा यांच्या आहेत. ज्याला पाषाण किंवा ताम्रयुग म्हणायचे, ते तिथे जगणाऱ्यांसाठी तितकेच दोऱ्याचे युग होते.

२३/ हीच कसोटी महाराष्ट्राच्या मातीला लावून पाहावी. प्रवरेकाठच्या जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तेथून तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी मिळाल्या आणि या गावाचे नाव एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला लाभले. कुऱ्हाडी आहेत. त्यांचे दांडे, बांधणीच्या वाद्या आणि त्या खांद्याला अडकवून नेण्याची साधने नाहीत. दख्खनची काळी माती आणि तिच्यावरचा पावसाळा यांनी ती केव्हाच पचवली.

२४/ तरीही एखादा धागा निसटतो. प्रवरेकाठच्याच नेवासे येथील ताम्रपाषाणयुगीन थडग्यात एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांत अडकून राहिलेल्या दोऱ्याच्या अवशेषात रेशीम आणि कापूस ओळखता आला. तांब्यावर चढणारा गंज सूक्ष्मजीवांना मारक असतो, म्हणून त्याला चिकटलेला तंतू कधीकधी वाचतो. आल्प्समध्ये जे काम बर्फाने केले, ते येथे तांब्याच्या गंजाने, अगदी थोड्या जागेपुरते केले.

२५/ जे मातीत टिकत नाही ते भाषेत आणि चालीरीतींत टिकते. पान-तंबाखूची चंची, औषधी किंवा पैशांचा बटवा, कोकणात माडावर चढताना कमरेमागे कोयता अडकवण्याची आकडी, तलवारीचे म्यान, बाणांचा भाता: वस्तू वाहून नेण्याच्या साधनांना मराठीने स्वतंत्र, नेमकी नावे दिली आहेत. ‘एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत’ असे म्हणताना म्यानाला स्वतःची जागा आहे हे भाषेनेच मान्य केलेले असते. संग्रहालयाच्या दालनात मात्र म्यान बहुधा तलवारीच्या सावलीत असते.

२६/ हा विषय आजच तातडीचा का, तेही पाहायला हवे. २००३ च्या कडक उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधील श्नीडेयोख खिंडीत, २,७५० मीटरच्या आसपास, बर्फ मागे हटले आणि भूर्जसालीचे धनुष्य-आवरण उघडे पडले. तेही सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे. हिमनद्या वितळत आहेत तशा अशा वस्तू वर येत आहेत. पण बर्फातून सुटलेली साल किंवा कातडे उन्हा-पावसात फार काळ तग धरत नाही. ज्या उष्णतेने हा खजिना उघडला, तीच त्याचा नाश करते. वेळेत कोणी पोहोचला तरच तो इतिहासात दाखल होतो.

२७/ म्हणून पुढच्या वेळी एखाद्या संग्रहालयात काचेमागे नुसते पाते दिसेल, तेव्हा त्याच्याभोवतीची रिकामी जागा नजरेने भरून पाहावी. तेथे मूठ होती, वेढा होता, म्यान होते, पट्टा होता. कोणीतरी साल भिजत घातली होती, कंडरा कुटली होती, भोकामागून भोक पाडून टाके घातले होते. ओट्झीची कुऱ्हाड त्याच्या काळातील धातुविद्येची साक्ष देते. त्या काळी माणसे रोजचा दिवस कसा निभावत होती, याची साक्ष मात्र १२ सेंटिमीटरचे वाखाचे म्यान आणि आत आरी बाळगणारी ती पिशवी देतात.

(थ्रेड समाप्त)